गांडुळाच्या पोटात आपण काय घालतो?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत गांडूळखत करणाऱ्या गटातील एका कृषी सखीने केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सख्यांसाठी ते येथे देत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं होतं, गांडूळखताच्या धंद्यावर दोन शब्द बोल. आम्ही किती पोती काढली, किती विकली, गटाला किती सुटले, असं सगळं. ते आकडे मी वहीत आणलेत, शेवटी कुणाला हवे असतील तर दाखवते. पण आज मी आमच्या नफ्याचं सांगायला उभी नाही. आमच्या एका नुकसानीचं सांगायला उभी आहे. चूक माझी होती, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

आमच्या गटात आम्ही अकरा जणी. गावाच्या कडेला शेड आहे, त्यात सहा वाफे. बँकेचं कर्ज काढून ते उभं केलं, हे तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीला शेण आणि शेतातला पालापाचोळा पुरायचा. मग मागणी वाढली आणि माल कमी पडायला लागला. तेव्हा मीच गटात म्हटलं, आठवडी बाजार उठला की भाजीचा केवढा कचरा पडतो! कोबीचा पाला, मेथीच्या काड्या, सडके टोमॅटो. फुकटचा माल आहे, आणू या. आणि हाताने निवडत बसायला वेळ कुणाला? कडबाकुट्टीतून काढू, बारीक होईल, गांडुळं लवकर खातील.

झालं. टेम्पोने कचरा आला, कुट्टीतून निघाला, वाफ्यात पडला. त्या कचऱ्यात पालेभाजी होती तशा पातळ कॅरीबॅगाही होत्या. गुटख्याच्या पुड्या होत्या, जुड्या बांधायच्या प्लास्टिकच्या सुतळ्या होत्या. मोठ्या पिशव्या आम्ही वरवर काढल्या. राहिलेल्या कुट्टीत गेल्या आणि त्यांचे हजार तुकडे झाले. पिशवी होती तोवर ती दोन बोटांनी उचलता येत होती. तुकडे झाल्यावर ती कुणाच्याच हाताला लागेना.

खत तयार झालं, चाळलं, पोती भरली. बत्तीस पोती एका रोपवाटिकेला दिली. चौथ्या दिवशी गाडी परत आली, बत्तीसच्या बत्तीस पोती घेऊन. मालक शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्यांनी काही दिल्या नाहीत. मूठभर खत तळहातावर पसरलं आणि म्हणाले, "ताई, हे बघा." काळ्या खतात निळे, पांढरे, लाल असे ठिपके. रांगोळीचा रंग सांडावा तसे. "माझ्या ट्रेमधल्या रोपाच्या मुळाशी मी हे घालू का?" मला उत्तर देता आलं नाही.

३५० रुपयांनी बत्तीस पोती, म्हणजे ११,२०० रुपये. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता त्यातून जायचा होता.

तुरीच्या दाण्याहून लहान

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. प्रशिक्षणात विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात विचारलं, नातवाला मोबाइलवर शोधायला लावलं. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. पाच मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीचा दाणा. त्याहून लहान ते सगळं यात आलं. काही तुकडे मोहरीएवढे, काही पिठाच्या कणाएवढे, काही तर डोळ्यांना दिसतही नाहीत. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ साली समुद्रातल्या अशा कणांविषयी लिहिलं, तेव्हापासून जगभर या गोष्टीची चर्चा वाढली. पहिल्यांदा सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे, माशांकडे होतं. मातीकडे बघायला लोकांना आणखी वेळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या शेतात प्लास्टिक येतंच कुठून? चला, घरापासून सुरुवात करू.

सकाळी झाडलोट केली, केर कुठे टाकला? उकिरड्यावर. त्या केरात शाम्पूची पुडी, पोरांच्या वेफर्सचं पाकीट, गोळ्यांची पट्टी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. तो उकिरडा उन्हाळ्यात ट्रॉलीत भरून शेतात पडतो. दरवर्षी. आपण म्हणतो शेणखत टाकलं. शेणखत टाकलंच, पण सोबत वर्षभराच्या पुड्याही टाकल्या.

मग मल्चिंग पेपर. आपल्या जुन्नर भागात टोमॅटो म्हटला की मल्चिंग आलंच. पीक निघाल्यावर तो पेपर उन्हाने कुरकुरीत झालेला असतो. ओढायला गेलं की फाटतो. मजुरी वाचवायची म्हणून घरधनी म्हणतात, "राहू दे, रोटर फिरव." रोटरने त्या पेपरचं काय होतं? आमच्या कुट्टीत पिशवीचं झालं तेच.

मग ठिबकच्या फुटक्या नळ्या, टोमॅटो बांधायच्या प्लास्टिकच्या सुतळ्या, बियाण्याच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्यांची झाकणं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये एक अहवाल काढला. त्यात म्हटलंय, जगात शेती आणि पशुपालनात एका वर्षात सव्वा कोटी टन प्लास्टिक वापरलं जातं. म्हणजे हा फक्त शहराचा कचरा नाही बरं का. यातला आपला वाटा आपला आहे.

आणि एक सांगते, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. आमच्या वाफ्यांवर ओल टिकावी म्हणून आम्ही युरियाच्या रिकाम्या गोण्या झाकायचो. गोणपाट महाग, गोणी फुकट. ती विणलेली गोणी सहा महिने उन्हात राहिली की हात लावताच तिचे धागे सुटतात, चुरा पडतो. तुमच्याही घरी बघा, बंबाजवळ पडलेली जुनी गोणी. तो चुरा सरळ वाफ्यात, गांडुळाच्या तोंडासमोर. बाजाराचा कचरा आणायच्या आधीपासून आम्ही हे करत होतो, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गांडुळाला दात नाहीत

आता गांडुळाकडे या. त्याला डोळे नाहीत, दात नाहीत, फुप्फुसं नाहीत. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, म्हणून तर वाफा कोरडा पडला की मरतं. चावता येत नाही म्हणून माती आणि कुजलेला पाला असाच गिळतं. पोटात कोंबडीसारखी एक पेषणी असते. तिथे मातीतल्या वाळूच्या कणांनी पाला दळला जातो. आपल्या जात्यासारखंच. त्यातलं पोषण अंगाला लागतं आणि उरलेलं विष्ठा होऊन बाहेर पडतं. त्यालाच आपण काळं सोनं म्हणतो.

इंग्लंडात चार्ल्स डार्विन नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कित्येक वर्षं गांडुळांचा अभ्यास केला आणि १८८१ साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. जमिनीचा वरचा थर गांडुळांच्या पोटातून पुन्हा पुन्हा जात असतो, असं त्यांनी दाखवलं. मग विचार करा, मातीत जे असेल ते त्याच्या पोटातून जाणारच. निवडून खायला त्याच्याकडे सूप नाही.

आमच्या गटातली एक मावशी म्हणाली होती, "गांडूळ सगळं खातंय, प्लास्टिक पण खाऊन टाकेल." नाही सख्यांनो, खाऊन टाकत नाही. गिळतं, पण प्लास्टिक पचत नाही. ते तसंच बाहेर येतं, नाहीतर आणखी बारीक होऊन येतं. आणि पोटात जेवढी जागा प्लास्टिकने घेतली, तेवढी जागा अन्नाला राहिली नाही. पोट भरलेलं, पण अंगाला काही नाही.

यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत. तीन सांगते.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला. गांडुळांना दिलेल्या पालापाचोळ्यात प्लास्टिकची पूड कमी-जास्त मिसळली आणि साठ दिवस ठेवलं. जिथे पूड २८ टक्के किंवा जास्त होती, तिथे गांडुळं जास्त मेली आणि राहिलेल्यांची वाढ खुंटली. ७ टक्के होती तिथे तशी मेली नाहीत.

इंग्लंडातल्या केंब्रिजच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातला अभ्यास २०१९ चा. कॅरीबॅगच्या जातीतल्या प्लास्टिकचे कण असलेल्या मातीत तीस दिवस ठेवलेल्या गांडुळांचं वजन सुमारे तीन टक्क्यांनी घटलं. साध्या मातीतल्या गांडुळांचं त्याच दिवसांत सुमारे पाच टक्क्यांनी वाढलं. त्याच अभ्यासात मक्यासारख्या पिकांपासून करतात ते "पर्यावरणपूरक" प्लास्टिकही तपासलं होतं. ते मिसळलेल्या मातीत गवताचं बी कमी उगवलं. तेव्हा पिशवीवर हिरवं पान छापलं म्हणून ती वाफ्यात टाकू नका.

तिसरा अभ्यास आपल्यासारख्याच बायकांच्या परसातला आहे, मेक्सिकोच्या काम्पेचे राज्यातला. तिथल्या गावांत घरामागे परसबाग, झाडं, मोकळ्या कोंबड्या. कचरा नेणारी गाडी नाही, म्हणून लोक प्लास्टिक जाळतात आणि मातीत पुरतात. ओळखीचं वाटतंय ना? २०१७ मध्ये छापलेले आकडे ऐका. परसातल्या एक ग्रॅम मातीत सरासरी एकसुद्धा पूर्ण कण नव्हता, ०.८७. गांडुळाच्या एक ग्रॅम विष्ठेत जवळपास १५. आणि कोंबडीच्या एक ग्रॅम विष्ठेत जवळपास १३०. कोंबडीच्या पेट्यातही कण सापडले. आपण कलेजीसोबत आवडीने खातो तोच पेटा.

मातीत थोडं, गांडुळाकडे जास्त, कोंबडीकडे त्याहून जास्त. उतरंडीतल्या एका मडक्यातून दुसऱ्या मडक्यात साठत जावं तसं.

घाबरवायचं नाही, पण

खरं तेवढंच सांगायचं असं मी ठरवलंय. म्हणून हेही सांगते. प्रयोगात टाकलेलं प्लास्टिक बहुतेक वेळा आपल्या शेतात असतं त्यापेक्षा खूप जास्त होतं. काही प्रयोगांत गांडुळं मेली नाहीत, वजनही घटलं नाही, फक्त आतड्याला इजा झालेली दिसली. तेव्हा उद्या सकाळी शेतातली सगळी गांडुळं मरून पडतील, असं काही नाही.

आमच्याही त्या वाफ्यातली गांडुळं बारीक झाली होती, कमी झाली होती. पण ती प्लास्टिकनेच कमी झाली असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्या कचऱ्यात कांद्याची पातही बरीच होती, वाफा तापलाही असेल. जे माहीत नाही त्याचा दोष कुणावर टाकायचा नाही.

मग मला काळजी कसली वाटते? ही गोष्ट परत फिरत नाही याची. युरिया जास्त झाला तर पुढच्या वर्षी कमी टाकू. जमीन चोपण झाली तर हिरवळीचं खत गाडू, वेळ लागेल पण सुधारेल. प्लास्टिकचा चुरा एकदा मातीत गेला की तो वेचायला जगात कुणाकडे चाळण नाही. गांडूळ स्वतःच त्याला बिळातून खाली नेतं. दरवर्षी थोडं थोडं, आणि आधीचं जात नाही. आपल्या सासूने आपल्याला जमीन दिली तेव्हा तिच्यात हे नव्हतं. आपण सुनेला देऊ तेव्हा किती असेल, हे आपण आज काय करतो त्यावर आहे.

आम्ही काय बदललं

बाजाराचा कचरा आम्ही बंद केला नाही. पण तो आधी ताडपत्रीवर पसरतो आणि दोघी जणी निवडतात. निवडल्याशिवाय कुट्टी सुरू करायची नाही, हा नियम भिंतीवर लिहिलाय. कांदा, लिंबाच्या साली वेगळ्या. निवडायला दीड तास जातो, त्याची मजुरी आम्ही खर्चात धरतो.

वाफ्यावर आता गोणपाट. गोणपाट कुजलं तर कुजलं, खतच होतं. आमचे दोन वाफे प्लास्टिकच्या बेडचे आहेत. ते सावलीत घेतले, आणि चुरा पडायला लागला की बदलायचे असं ठरलंय. खत भरताना बेडच्या तळाशी फावडं घासायचं नाही, हाताने ओढायचं.

आणि एक परीक्षा करतो, तुम्हीही घरी करा. मूठभर खत रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी काठीने ढवळा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. माती तळाशी जाते. पिशव्यांचे आणि गोण्यांचे तुकडे वर तरंगतात. काडीकचराही तरंगतो, म्हणून वरचं सगळं गाळून कापडावर वाळवा. मग नखात धरून बघा. पान असेल तर चुरगळतं, प्लास्टिक असेल तर ताणतं. शंका आली तर सुई तापवून टोक लावा, प्लास्टिक लगेच आक्रसतं. सगळंच प्लास्टिक तरंगत नाही आणि अगदी बारीक कण या परीक्षेत सापडत नाहीत, हे लक्षात ठेवा. म्हणून आम्ही पोत्यावर "प्लास्टिकमुक्त" असं लिहीत नाही. "प्लास्टिक निवडून केलेले खत" असं लिहितो. जेवढं केलं तेवढंच लिहायचं.

शेतातली गांडुळंही मोजा. पावसाळ्यात जमीन ओली असताना एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल माती काढा, गोणपाटावर पसरा, गांडुळं मोजा आणि पुन्हा सोडून द्या. एकदा मल्चिंगच्या रानात, एकदा बांधाजवळ. आकडा वहीत लिहा, दरवर्षी त्याच महिन्यात. आपल्या जमिनीचं पासबुकच म्हणा ना.

घरात स्वयंपाकघराच्या खिळ्याला एक पिशवी अडकवा. पुडी फोडली की तिच्यात. उकिरड्यावर एकही पुडी जाता कामा नये. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापू नका, तो पिशवीलाच राहू द्या. आणि चूल पेटवायला प्लास्टिक वापरू नका, हात जोडून सांगते. तो धूर आधी आपल्याच छातीत जातो. अर्धवट जळलेले गोळे राखेत राहतात आणि राख शेतात जाते.

मल्चिंग पेपर सोडा असं मी म्हणत नाही, पाणी वाचतं, खुरपणी वाचते, हे मीही अनुभवलंय. पण रोटर फिरवायच्या आधी तो काढा. जाड पेपर अख्खा निघतो, अगदी पातळ फाटतो, म्हणून घेतानाच विचार करा. जिथे जमेल तिथे उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट अंथरा. गांडुळाला तेच आवडतं.

तुमच्याकडे मागणं

एक अडचण मात्र एकट्या गटाने सुटत नाही. काढलेला मल्चिंग पेपर द्यायचा कुणाला? मातीने माखलेला पेपर भंगारवाला घेत नाही. मग तो बांधावर पडतो आणि कुणीतरी काडी लावतं. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा प्रक्रिया युनिटची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं कुठपर्यंत आलंय, हे एकटी बाई विचारायला गेली तर "बघू" म्हणतील. सगळ्या गावांच्या ग्रामसंघांनी येत्या ग्रामसभेत एकाच दिवशी विचारलं तर बघू म्हणून भागणार नाही. प्रभागसंघाने हा ठराव आज घ्यावा, आणि हंगाम संपल्यावर गावोगाव पेपर गोळा करायचा दिवस ठरवावा, एवढंच मागणं आहे.

जाता जाता त्या बत्तीस पोत्यांचं सांगते, कारण सगळ्या जणी मला तेच विचारतात.

मी गटात म्हटलं होतं, चूक माझी, हप्ता मी भरते. माझ्या बोरमाळेवर नजर होती माझी. तेव्हा ती मावशीच, गांडूळ सगळं खातंय म्हणणारी, उठली आणि म्हणाली, "कुट्टीत पेंढ्या कोण सरकवत होतं? आम्हीच ना? मग तुझी एकटीची कशी?" अकरा जणींनी प्रत्येकी १,०१८ रुपये काढले. दोन रुपये कमी पडले, ते सचिव ताईने घातले. हप्ता वेळेत गेला.

कुणी म्हणालं, पोती स्वस्तात दुसऱ्या गावाला विकून टाकू, कोण बघतंय? कुणी म्हणालं, आपल्याच बांधाला टाकू. दोन्ही केलं नाही. आपल्या रानात नको ते दुसरीच्या रानात कसं चालेल? ती पोती शेडच्या आत, सावलीत, भिंतीला लावून ठेवली आहेत. अजून तिथेच आहेत. नवीन गट प्रशिक्षणाला आला की आम्ही आधी त्यांना एक पोतं उघडून दाखवतो. तळहातावर मूठभर खत घेतो आणि म्हणतो, "ताई, हे बघा."

तुम्हीही या बघायला. चहा आम्ही करू.